स्थलांतरितांचे मत कोणाचे? सातारा-सांगलीपुढील एक प्रश्न

नोव्हेंबर २०२४ या एकाच महिन्यात दोन मोठ्या निवडणुका पार पडल्या. ५ तारखेला अमेरिकेने आपला राष्ट्राध्यक्ष निवडला आणि २० तारखेला महाराष्ट्राने आपली विधानसभा. पहिल्या निवडणुकीत ज्या समाजाच्या मतांची सर्वाधिक चर्चा झाली, तो समाज म्हणजे मेक्सिको, क्युबा, मध्य आणि दक्षिण अमेरिका येथून पिढ्यानपिढ्या स्थलांतर करून आलेला लॅटिनो समाज. दुसऱ्या निवडणुकीत ज्यांच्या मतांची चर्चा व्हायला हवी होती परंतु फारशी झाली नाही, ते आपल्या सातारा-सांगलीच्या उसाच्या फडात राबणारे स्थलांतरित मजूर होत. या दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्यास स्थलांतरित माणूस राजकारणाकडे कसा पाहतो आणि राजकारण त्याच्याकडे कसे पाहते, यावर बराच प्रकाश पडतो, असे आम्हांस वाटते.

लॅटिनो मतदाराने काय दाखविले?

अमेरिकेत २०२४ साली सुमारे ३ कोटी ६० लाख लॅटिनो नागरिक मतदानास पात्र होते. हा समाज स्थलांतरितांचा आहे, तेव्हा स्थलांतराविरुद्ध कठोर भाषा बोलणाऱ्या पक्षाला तो मत देणार नाही, असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले होते. या समजुतीला आधारही होता. १९९४ साली कॅलिफोर्निया राज्यात परवान्याविना राहणाऱ्यांना शाळा व सरकारी आरोग्यसेवा नाकारणारा ‘प्रस्ताव १८७’ जनमताने संमत झाला. पुढे तो न्यायालयात टिकला नाही. परंतु त्यातून आलेल्या अपमानाच्या भावनेने त्या राज्यातील लॅटिनो मतदार रिपब्लिकन पक्षापासून दीर्घकाळ दुरावला.

२०२४ मध्ये मात्र चित्र पालटले. प्यू संशोधन केंद्राने प्रत्यक्ष मतदान केलेल्यांच्या नोंदी तपासून केलेल्या अभ्यासानुसार डोनाल्ड ट्रम्प यांना लॅटिनोंची ४८ टक्के मते मिळाली, तर कमला हॅरिस यांना ५१ टक्के. त्याआधी २०२० साली ट्रम्प यांचा वाटा ३६ टक्के होता. टेक्सासच्या सीमेवरील स्टार परगण्यात जवळजवळ सर्व लोकवस्ती लॅटिनो आहे. तेथे १८९२ नंतर प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला बहुमत मिळाले. मतदारांना विचारले असता बहुतेकांनी महागाई, मजुरी आणि घरभाडे ही कारणे पुढे केली. सीमेवर शिस्त असावी, असेही त्यांतील अनेकांचे मत होते.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. २०२५ साली सरसकट धरपकड आणि हद्दपारी सुरू झाली. वर्षानुवर्षे कष्ट करून राहिलेल्या कुटुंबांवरही तिची झळ पोहोचली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सी राज्यात राज्यपालपदाची निवडणूक झाली, तेव्हा मोठी लॅटिनो वस्ती असलेला आणि वर्षभरापूर्वी ट्रम्प यांच्या बाजूने गेलेला पॅसेइक परगणा पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळला.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. एक, स्थलांतरित समाज हा एकगठ्ठा मतांचा साठा नसतो. दोन, आधी येऊन स्थिरावलेला माणूस नंतर येणाऱ्याच्या बाजूनेच उभा राहील, असे नसते. पुष्कळदा तो त्याला आपल्या रोजगारातील वाटेकरी समजतो. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या संघटनेनेही १९७० च्या दशकात परवान्याविना आलेल्या मजुरांना विरोध केला होता, कारण मळेमालक संप मोडण्यासाठी त्यांचा वापर करीत होते. तीन, शिस्तीची मागणी करणारा हाच माणूस आपल्या शेजाऱ्याची अप्रतिष्ठा होताना पाहिली, की आपले मत बदलतो.

सह्याद्रीच्या कुशीतून मुंबईकडे

आता आपल्या घराकडे पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस पाऊस धो धो कोसळतो, पण जमीन डोंगरउताराची. पूर्वेस माण-खटावकडे जमीन आहे, तर पाऊस नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांतून मुंबईकडे गेलेल्यांची आता तिसरी-चौथी पिढी आहे. कोयना धरणाने अनेक गावे पाण्याखाली घेतली आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने उरलेल्यांचा धीर खचला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर सातारा जिल्ह्यात ९८८. हा आकडा वाचताना आनंद वाटतो खरा. परंतु कमावते पुरुष गावात राहत नाहीत, हेही त्यामागील एक कारण आहे.

मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या या माणसांना संघटित केले ते पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. एकाच मालकाकडे कायम नोकरी नसलेल्या मजुरालाही मंडळामार्फत वेतन, भविष्यनिर्वाह निधी व रजा मिळू शकते, हे या कायद्याने दाखवून दिले. स्थलांतरितांनी स्वतःच्या बळावर मिळविलेले हे मोठे यश होय.

सांगली जिल्ह्याची कथा वेगळी आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या दुष्काळी तालुक्यांतील तरुण सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात शिरले. जुने दागिने वितळवून त्यातील शुद्ध धातू वेगळा करण्याचे कसब त्यांनी हस्तगत केले आणि गलाई व्यावसायिक म्हणून ते भारताच्या कानाकोपऱ्यांत पोहोचले. केरळपासून उत्तर प्रदेश-बंगालपर्यंत सराफ कट्ट्याच्या आसपास विटा, आटपाडीकडील मराठी बोलणारी घरे आढळतात. त्यांची मुले मल्याळी, तमिळ वा हिंदी माध्यमात शिकतात. गावच्या यात्रेला मात्र सारे कुटुंब आवर्जून परतते. त्या परमुलखात तेच ‘बाहेरून आलेले’ असतात, हे येथे विसरता कामा नये.

‘आपण’ आणि ‘ते’

आता राजकारणाकडे वळू. १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली तेव्हा तिचा रोख मुंबईतील दाक्षिणात्य नोकरदारांवर होता. मराठी माणसाला नोकरीत अग्रक्रम मिळावा, ही तिची मागणी होती. तिला पाठिंबा देणाऱ्यांत सातारा, सांगली, कोकण येथून मुंबईत आलेल्या कुटुंबांतील तरुण मोठ्या संख्येने होते. म्हणजे गाव सोडून आलेल्यांनीच ‘भूमिपुत्र’ हा शब्द आपलासा केला. पुढे २००८ साली महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन छेडले, रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उमेदवारांना मारहाण झाली, तेव्हाही त्या भावनेला याच वस्त्यांतून प्रतिसाद मिळाला.

या भावनेची केवळ निंदा करून भागत नाही. ती समजून घेतली पाहिजे. गिरण्या बंद पडल्या, गोदीतील काम यंत्रांनी घेतले, घरांच्या किमती हाताबाहेर गेल्या. ज्याच्या हातातून काम निसटते आहे, त्याला आपल्याहून कमी मजुरीत काम करणारा समोर दिसतो. मजुरी कमी ठेवणारा मालक सहसा दिसत नाही. लॅटिनो शेतमजुराची व्यथा आणि आपल्या माथाडीची व्यथा यांत फार अंतर नाही. तरीही एक विसंगती उरतेच. सांगलीच्या एकाच घरातील थोरला भाऊ वाराणसीत परप्रांतीय म्हणून दुकान चालवितो आणि धाकटा भाऊ नवी मुंबईत परप्रांतीयांना काम देऊ नये म्हणतो, असे आपल्याकडे घडू शकते. दोघांना एकच नियम लावायचा म्हटले, तर तो कोणता असावा? हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून विचारला जात नाही.

पक्षांचे गणित मात्र सोपे असते. मुंबईकर मतदारांना मतदानासाठी गावी आणण्याकरिता गाड्यांची व्यवस्था होते, गलाई व्यावसायिकांचे मेळावे परराज्यांत भरविले जातात. त्या मतांवर निवडणूक जिंकता येईल, असा हिशेब असतो. तो दर वेळी बरोबर येतोच असे नाही. सातारा लोकसभा मतदारसंघात २०१९ साली अण्णासाहेब पाटील यांचे पुत्र, माथाडी नेते नरेंद्र पाटील शिवसेनेतर्फे उभे राहिले आणि उदयनराजे भोसले यांच्याकडून पराभूत झाले. उदयनराजे पुढे भारतीय जनता पक्षात गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील यांनी त्यांचा पराभव केला. २०२४ साली माथाडी चळवळीतूनच पुढे आलेले शशिकांत शिंदे शरद पवार यांच्या पक्षातर्फे लढले आणि उदयनराजे सुमारे ३२ हजार मतांनी विजयी झाले. या निकालांना इतरही अनेक कारणे होती. परंतु केवळ स्थलांतरितांचा नेता म्हणून स्थलांतरितांची सारी मते मिळतात, हे गृहीतक येथेही खरे ठरले नाही. लॅटिनो मतदारांप्रमाणेच आपला मुंबईकर मतदारही शेतमालाचा भाव, पाणी, आरक्षण, उमेदवाराचे घराणे आणि गावकीतील नाती या सर्वांचा विचार करून मत देतो.

महाबळेश्वर तालुक्यातील दरे गावच्या कुटुंबातील एकनाथ शिंदे ठाण्यात वाढले, तेथे त्यांनी रिक्षा चालविली आणि जून २०२२ मध्ये ते राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. पण स्थलांतरिताचा मुलगा सर्वोच्च पदापर्यंत पोहोचू शकतो, हे आपल्या लोकशाहीचे बलस्थान आहे. त्यामागे एक साधी गोष्ट आहे : ठाण्याच्या मतदारयादीत त्यांचे नाव होते.

ज्यांचे नाव यादीत असूनही मत नाही

आणि येथेच आम्हांस मुख्य प्रश्न दिसतो. सातारा-सांगली हे जसे जाणाऱ्यांचे जिल्हे आहेत, तसेच येणाऱ्यांचेही आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून, तसेच आपल्याच जत आणि माण तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना, कऱ्हाडजवळील सह्याद्री, वाळवे तालुक्यातील राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा, कुंडलचा क्रांती अशा अनेक कारखान्यांची चाके त्यांच्या कोयत्यावर फिरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना फड सोडता येत नाही. मजुरी टनावर मिळते. म्हणून खाडा झाला की कमाई बुडते.

लोकसभेची निवडणूक एप्रिल-मे महिन्यांत होते, तेव्हा हंगाम संपलेला असतो आणि हे मजूर आपल्या गावी असतात. विधानसभेची निवडणूक मात्र अलीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. २०२४ चा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू करण्याचे ठरले आणि मतदान होते २० नोव्हेंबरला. लाखो मजूर मताला मुकतील, तेव्हा हंगाम थोडा पुढे ढकलावा, अशी मागणी त्या वेळी झाली होती. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. पण ज्याची मजुरी टनावर आणि मतदान केंद्र शेकडो किलोमीटरवर, त्याला त्या सुट्टीचा काय उपयोग? बसभाडे, बुडालेली मजुरी आणि मुकादमाची नाराजी एवढी किंमत मोजून मत देणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

परिणाम असा, की ज्या आमदाराने त्याच्या गावात रोजगार हमीची कामे आणावीत, त्याला हा मजूर मत देऊ शकत नाही. आणि ज्या आमदाराच्या मतदारसंघात तो सहा महिने खोपीत राहतो, पाणी पितो, जिथे त्याची बायको बाळंत होते, त्याचा तो मतदार नाही. लॅटिनो मतदाराकडे दोन्ही पक्षांचे नेते धाव घेतात, कारण त्याच्याकडे मत आहे. ऊसतोड मजुराच्या खोपीकडे कोणी फिरकत नाही, त्याचे कारण याहून वेगळे शोधण्याची गरज नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदाही राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. बीडहून कऱ्हाडला येणाऱ्याला त्याचे संरक्षण नव्हते.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी परतण्याची परवानगी मिळेपर्यंत कित्येक दिवस फडातच काढावे लागले. त्याच सुमारास मुंबईहून आपल्याच गावी परतणाऱ्यांसाठी अनेक गावांनी वेशीवर काटे-दगड टाकून रस्ते अडविले. भीती खरी होती. तरीही ज्यांच्या मनीऑर्डरीवर गाव उभे राहिले, त्यांनाही संकटात परके ठरविले जाऊ शकते, हे त्या दिवसांनी दाखविले.

कायदा काय म्हणतो आणि काय करता येईल?

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार मतदार जेथे ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ असेल, तेथे त्याचे नाव नोंदविले जाते आणि एका वेळी एकाच मतदारसंघात ते असू शकते. तात्पुरते बाहेर गेल्याने मूळ ठिकाणचा हक्क जात नाही, असेही तोच कायदा सांगतो. नियम योग्य आहे. पण जो निम्मे वर्ष एका जिल्ह्यात आणि निम्मे वर्ष दुसऱ्या जिल्ह्यात घालवितो, त्याला हा नियम हक्क देतो आणि तो बजावण्याची सोय देत नाही.

यावर उपाय म्हणून भारतीय निवडणूक आयोगाने २९ डिसेंबर २०२२ रोजी दूरस्थ मतदानयंत्राचा नमुना जाहीर केला. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची त्यात सोय होती. १६ जानेवारी २०२३ रोजी राजकीय पक्षांना ते दाखविण्यासाठी बोलाविण्यात आले. परंतु विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि योजना अंमलात आली नाही. स्थलांतरित नेमका कोण, त्याची यादी कोण करणार, परक्या राज्यातील केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी कसा बसणार, हे त्यांचे प्रश्न गैरवाजवी नव्हते. मात्र प्रश्न कठीण आहे म्हणून तो सोडून देणे, हे उत्तर होऊ शकत नाही.

गावकऱ्यांच्या मनातील आक्षेपही येथे मांडला पाहिजे. ज्यांची नावे मुंबईत आणि गावात दोन्हीकडे आहेत, ते दोन्हीकडे मत देतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सातारा-सांगलीत ७ मे रोजी आणि मुंबई-ठाण्यात २० मे रोजी मतदान झाले. अशा वेळी शंकेला जागा राहतेच. शिवाय ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होत असल्यामुळे, वर्षातून चार दिवस गावी येणारा मतदार सरपंच ठरवितो आणि नळाला पाणी न आल्यास त्याची झळ मात्र कायम राहणाऱ्यांना बसते. हा आक्षेप न्याय्य आहे. म्हणून दुबार नावे वगळलीच पाहिजेत, असे आम्ही मानतो.

पण ती वगळताना सावधगिरी हवी. २०२५ साली बिहारमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल पडताळणी झाली, तेव्हा प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. त्यांपैकी सुमारे ३६ लाख नावांपुढे कायमचे स्थलांतर झाले किंवा मतदार आढळला नाही, असे कारण होते. त्यांत खरोखर गाव सोडून गेलेले असतील. पण घराला कुलूप लावून हंगामी कामाला गेलेल्याचे घर आणि कायमचे गेलेल्याचे घर बाहेरून सारखेच दिसते. आपल्याकडे अशी पडताळणी गळीत हंगामात झाली, तर फडातील मजुराच्या गावातील घराला कुलूपच आढळेल.

तेव्हा आमच्या मते तीन गोष्टी लगेच शक्य आहेत. विधानसभेची निवडणूक असलेल्या वर्षी मंत्री समितीने गळीत हंगामाची तारीख मतदानानंतरच ठरवावी. कारखान्यांचे त्यात काही दिवसांचे नुकसान होईल, पण ते भरून निघण्यासारखे आहे. मतदारयादीची पडताळणी मजूर गावी असताना, म्हणजे मे ते सप्टेंबर या काळात व्हावी. आणि दूरस्थ मतदानाचा प्रयोग संपूर्ण देशात करण्याऐवजी, आरंभी एका राज्याच्या आत, मोठ्या साखर कारखान्यांच्या परिसरात, केवळ विधानसभा व लोकसभेसाठी करून पाहावा. यंत्राविषयीचे आक्षेप तेथे तपासता येतील आणि सर्व पक्षांचे प्रतिनिधी बसविणेही अवघड जाणार नाही.

ख्रिस्तसभेची भूमिका आणि आपले कर्तव्य

या विषयावर ख्रिस्तसभेची शिकवण एकतर्फी नाही, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. उपजीविकेसाठी दुसऱ्या मुलखात जाणाऱ्याचे स्वागत करणे हे सुस्थितीतील समाजाचे कर्तव्य आहे, असे ती सांगते. त्याचबरोबर सर्वांच्या हितासाठी स्थलांतरावर वाजवी अटी घालण्याचा राज्यसंस्थेचा अधिकारही ती मान्य करते आणि आलेल्यानेही त्या भूमीचे कायदे व परंपरा यांचा आदर करावा, अशी अपेक्षा ठेवते. परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी १० फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतील बिशपांना पाठविलेल्या पत्रात आणि त्या बिशपांनी १२ नोव्हेंबर २०२५ रोजी काढलेल्या निवेदनात हाच समतोल दिसतो. सरसकट हद्दपारीला त्यांनी विरोध केला, पण सीमा नकोतच असे म्हटले नाही. अमेरिकेतील लॅटिनो कॅथलिकांपैकी अनेकांनी वेगळ्या पक्षाला मत दिले, म्हणून ते ख्रिस्तसभेबाहेर गेले नाहीत. मत कोणाला द्यावे, हे व्यासपीठावरून वा वेदीवरून सांगण्याची गोष्ट नाही. मत देताना कोणाची आठवण ठेवावी, एवढे मात्र सांगितले पाहिजे. मोशेच्या नियमशास्त्राने इस्राएल लोकांना परक्याशी वागण्याची शिकवण दिली, ती त्यांच्या स्वतःच्या इजिप्तमधील दिवसांची आठवण करून देऊन. सातारा-सांगलीच्या माणसालाही मुंबईतील चाळ आणि परमुलखातील भाड्याचे दुकान आठवण्यास फार मागे जावे लागत नाही.

आपली संख्या या दोन्ही जिल्ह्यांत थोडी आहे. पण हे काम संख्येवर अवलंबून नाही. आपल्या धर्मग्रामातील ज्या कुटुंबांचे सदस्य पुणे, मुंबई वा परराज्यांत गेले आहेत, त्यांनी आपले नाव एकाच ठिकाणी ठेवावे. पत्ता बदलला असल्यास नमुना ८ आणि नव्या मतदारासाठी नमुना ६ भरावा लागतो. तो भरण्यास शिकलेल्या तरुणांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर मदत केली, तरी पुष्कळ होईल. ज्यांच्या शेतात वा शेजारच्या फडात टोळी उतरते, त्यांनी त्या मजुरांना आपापल्या गावच्या यादीत नाव आहे की नाही हे विचारावे आणि भ्रमणध्वनीवरून तपासून द्यावे. विधानसभेच्या पुढच्या निवडणुकीच्या वर्षी आपल्या भागातील कारखान्याचे सभासद असलेल्या श्रद्धावंतांनी वार्षिक सभेत हंगामाच्या तारखेचा प्रश्न उपस्थित करावा. सभासदाला तो अधिकार आहे. फडातील मजुराला तो नाही, म्हणून त्याच्या वतीने हा प्रश्न आपण विचारायचा आहे.